उघडीप बघून

आमच्या गावात पिण्याच्या पाण्याची टंचाई आहे, मजुरांची आहे, लग्नाच्या मुलांना मुली मिळत नाहीत. पावसाचा अंदाज सांगणाऱ्यांची टंचाई मात्र कधी पडली नाही. औशाकडून येणारा रस्ता गावात शिरतो तिथं एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि दोघांत एक चहा. या बाकड्यांवर जूनच्या कुठल्याही सकाळी जेवढे अंदाज वर्तवले जातात तेवढे खरे झाले असते, तर आमचं शिवार एकाच दिवशी वाहून गेलं असतं, करपलं असतं आणि वर गारांनी झोडपलंही असतं.

या दरबारात सरकारी बाजू मांडण्याचं काम माझ्याकडे आहे. मी गावच्या पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. उभी नोकरी लोकांची पत्रं वाचून दाखवण्यात गेली. मुंबईहून मनीऑर्डर आली की आशीर्वाद मुलाला, आणि 'यंदा पैसे पाठवणं जमणार नाही' असं पत्र आलं की शिव्या मला. मोबाइलवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला यायला लागला तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं ठरवून टाकलं, "मास्तर, तुमीच वाचा. तुमाला सरकारी मराठी कळतंय, आन् बोलून घ्यायची सवय बी हाय."

सल्ल्याच्या पत्रिकेत पुढच्या पाच दिवसांचा तक्ता असतो. पाऊस मिलिमीटरमध्ये, कमाल आणि किमान तापमान, सकाळची आणि दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा आणि ढग. यातला प्रत्येक रकाना हा भांडणाचा स्वतंत्र विषय आहे हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ढगांचंच घ्या. आकाशाचे आठ भाग कल्पायचे आणि त्यांतले किती झाकले ते लिहायचं, अशी शास्त्राची रीत.

"ढग सहा," मी वाचलं.

"सहाच?" बप्पा बाकड्यावरून उठून पत्र्याबाहेर आले आणि वर बघत म्हणाले, "मला हितं बसून अकरा दिसूलालेत."

मी आठ भागांची भानगड समजावून सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागून प्रश्न आला, "सहा झाकले, तर राहिलेले दोन भाग कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत. मोकळे."

"मोकळे म्हंजे गायरान." आणि तिथून चर्चा गायरानावरच्या अतिक्रमणाकडे जी वळली, ती सरपंचांचा पुतण्या उठून जाईपर्यंत परत आभाळाकडे आली नाही.

वाऱ्याची दिशाही अंशांत असते. पश्चिमेचा वारा म्हणजे २७० अंश. हे मी वाचलं त्या दिवशी हॉटेलवाल्यानं स्टोव्ह बंद केला आणि हात जोडून म्हणाला, "मास्तर, ४२ अंशाला माणसं मराय लागलीत. २७० अंशाला कोण वाचंल? असलं काय मोठ्यानं वाचत जाऊ नका."

माझे प्रतिस्पर्धी तिघे. पहिले नाना. नानांचा उजवा गुडघा सन ७२च्या दुष्काळात खडी फोडताना दुखावला आणि तेव्हापासून त्याला पावसाचं आगाऊ कळतं. नानांच्या गुडघ्यानं आजवर इतक्या वेळा पाऊस सांगितला आहे, की एखाद्या वेळी तो पडणं भागच होतं. त्यांचा प्रभाव कमी करावा म्हणून मी एकदा इतिहास काढला. म्हटलं, नाना, हे हवामान खातं १८७५ सालचं आहे. १८८६ साली ब्लॅनफर्ड नावाच्या साहेबानं हिमालयात बर्फ किती पडलाय ते बघून हिंदुस्थानातल्या पावसाचा पहिला अधिकृत अंदाज सांगितला.

नानांनी विचारलं, "हिमालय हितून किती लांब?"

"असेल आठशे-नऊशे मैल."

"आन् गुडघा?"

सगळं हॉटेल हसलं. मी माघार न घेता सांगितलं, की नंतर खूप सुधारणा झाल्या, खात्याचं मुख्य कार्यालय शिमल्याहून १९२८ साली पुण्याला आलं, पुण्यातली ती दगडी इमारत अजून 'शिमला ऑफिस' म्हणूनच ओळखतात, आणि शेतीच्या हवामानाचा वेगळा विभागही १९३२ साली तिथंच सुरू झाला. वाटलं, दगडी इमारतीचं तरी वजन पडेल.

"शिमल्याच्या माणसाला आपलं ऊन काय कळणार?" नाना म्हणाले.

"नाना, शेतीच्या हवामानाचं ऑफिस पुण्यात आहे."

"पुण्यात का?" नानांनी गुडघा चोळला. "मग तर इचारूच नका."

दुसरे तात्या. तात्यांच्या कोपरीच्या खिशात पंचांग असतं आणि पंचांगात पावसाच्या नक्षत्रांची वाहनं. म्हैस, बेडूक, हत्ती आले की पाऊस चांगला. कोल्हा, उंदीर आले की जपून. गाढव आलं की त्याच्या मर्जीवर. मी एकदा धीर करून म्हटलं, की तात्या, याला शास्त्राचा आधार काय? तात्यांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी उरंल ते वाहन. भागाकार हाय मास्तर यात. तुमच्या पत्रिकेत हाय का कुठं भागाकार?" नव्हता. मी गप्प बसलो. एका वर्षी आर्द्राचं वाहन बेडूक निघालं आणि पंधरवडाभर थेंब पडला नाही, तेव्हा तरी तात्या नमतील अशी मला आशा होती. तात्या म्हणाले, "बेडूकच त्यो. उडी मारून पुढच्या नक्षत्रात गेला." पुनर्वसूत खरंच पाऊस झाला. तेव्हापासून बेडकाची पत गावात माझ्यापेक्षा वरची आहे.

तात्यांचा आणखी एक हुकमी एक्का म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी. अक्षय तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं ते बघून पाऊस सांगतात, पिकं सांगतात, राजाची गादी राहील की जाईल तेही सांगतात. या शेवटच्या कलमापुढे माझी पत्रिका अगदीच लंगडी पडते. तिच्यात आर्द्रता असते, पण सरकार पडणार का याबद्दल अवाक्षर नसतं. "मग कशाला वाचायची?" तात्या विचारतात, आणि निवडणुकीच्या वर्षी तर मलाही तसंच वाटू लागतं.

तिसरा प्रतिस्पर्धी माझ्याच घरातला, पुतण्या. त्याच्या मोबाइलवर रोज कुणाकुणाचे आवाज येतात: "शेतकरी बांधवांनो, उद्यापासून राज्यात सर्वदूर, भाग बदलत पाऊस." ही 'भाग बदलत'ची युक्ती ज्यानं काढली त्याला माझा नमस्कार आहे. पाऊस आला तर तुमच्या भागात आला, नाही आला तर भाग बदलला. माझ्या सरकारी पत्रिकेला एवढीही सोय नाही. तिला 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी' असं मोजून मापून बोलावं लागतं. जिल्ह्यातल्या चौथ्या हिश्श्याएवढ्या केंद्रांवर किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस पडणार असेल तर तुरळक. निम्म्यापर्यंत गेला की काही ठिकाणी. आमच्या गावानं याचा स्वतःचा अर्थ लावून घेतला आहे. तुरळक ठिकाणी म्हणजे शेजारच्या गावात. काही ठिकाणी म्हणजे शेजारच्या गावात, आणि तिथंही पाटलांच्या मळ्यात. बऱ्याच ठिकाणी म्हणजे पाटलांच्या मळ्यात दोनदा.

मध्ये मी आनंदानं बातमी आणली, की आता देशात नवी प्रणाली आली आहे, ६ किलोमीटरच्या चौकोनापर्यंत अंदाज सांगणार. पूर्वी हा चौकोन १२ किलोमीटरचा होता. मला वाटलं, टाळ्या पडतील.

"सहा किलोमीटरात आपला बांध येतो का पाटलाचा?" बप्पांनी विचारलं.

"दोन्ही येतात. पूर्ण दोन्ही गावं येतात."

"मग काय उपेग? भांडण तर बांधाचंच हाय."

बाकी कुठल्याही अंदाजापेक्षा एप्रिलातला तो लांब पल्ल्याचा अंदाज मला जास्त जड जातो. सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सरासरीइतका पाऊस, आणि देशाची सरासरी जून ते सप्टेंबर ८७ सेंटीमीटर. मी हात कमरेपाशी धरून दाखवला, "एवढा." म्हाताऱ्या माणसांनी माझ्या कमरेकडे बराच वेळ पाहिलं. २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. कमरेएवढ्या पाण्याची कल्पना करायला इथं सवड लागते. शेवटी एक जण म्हणाला, "देशाच्या कमरेचं सांगूलालेत मास्तर. आपण घोट्याचं बघावं."

पेरणीच्या वेळी पत्रिका एकच वाक्य निरनिराळ्या रीतीनं सांगत असते: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत पुरेशी ओल असल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. यातलं 'पेरणी' आणि 'घाई' एवढे दोनच शब्द लोकांच्या कानांवर पडतात. शिवाय मिलिमीटर हे माप आमच्याकडे चालत नाही. शेतकरी पायाच्या अंगठ्यानं माती उकरतो, मग हात घालतो, आणि सांगतो, बोटभर गेली, चार बोटं गेली, वीतभर गेली. वीत कुणाची यावर पुन्हा मतभेद. बप्पांची वीत लहान, म्हणून त्यांच्या रानात वाफसा नेहमी दोन दिवस आधी येतो.

खरी अडचण अशी, की पेरणी कुणी पाऊस बघून करतच नाही. शेजारी बघून करतात. मृगाचा एक सडाका येऊन जातो. सगळे बांधावर उभे राहून एकमेकांकडे बघत असतात. कुणी काही बोलत नाही. मग एकाचा ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज येतो. तो खरं तर मुरूम आणायला निघालेला असतो. पण आवाज ऐकून दुसरा बियाण्याच्या पिशव्या काढतो, ते पाहून तिसरा खताच्या दुकानाकडे पळतो, आणि दुपारपर्यंत अख्खं गाव चाड्यावर मूठ धरून उभं. मी पत्रिका हातात घेऊन बांधाबांधानं ओरडत फिरत असतो, "शंभर मिलिमीटर! निदान पंच्याहत्तर!" लोकांना वाटतं, बियाण्याचा भाव सांगतोय.

त्यातून मी ठरवलं की गावाला स्वतःचं पर्जन्यमापक पाहिजे. लोकांनी आकडा डोळ्यांनी बघितला की पटेल. विकतचं महाग, म्हणून पाण्याची मोठी बाटली कापून, तिचं तोंड उलटं बसवून, बाजूला पट्टी चिकटवून मी ते गच्चीवर ठेवलं. नियमानं रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यायची. पहिल्या पावसाच्या रात्री मी झोपलो नाही. सकाळी गच्चीवर गेलो तर शेळी बाटलीत तोंड घालून उभी, आणि पट्टीवर पाणी शून्य. शेळी किती मिलिमीटर प्यायली हे काढण्याची पद्धत कुठल्याही पुस्तकात नाही. त्या दिवशी गावात नाले भरून वाहत होते आणि माझ्या वहीत 'निरंक' लिहिलं होतं.

मग बाटली उंच ठेवली. तिथं ती बायकोला सापडली. "अहो, झाडाला पाणी घालायला बरं केलंत," असं म्हणून तिनं तुळशीसाठी भरून ठेवली, आणि ऐन उघडिपीत माझी नोंद मुसळधार निघाली. मी ती उत्साहानं हॉटेलात वाचूनही दाखवली. आभाळ निळंशार होतं. नानांनी गुडघा बघितला, तात्यांनी पंचांग बघितलं, आणि दोघांनी पहिल्यांदाच एकमत होऊन माझ्याकडे बघितलं.

पण हे सगळं परवडलं. माझी खरी परीक्षा घेतली ती पत्रिकेतल्या एका वाक्यानं: 'पावसाची उघडीप बघून फवारणी करावी.' हे वाक्य जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक पत्रिकेत, प्रत्येक पिकाखाली असतं. सोयाबीनवर चक्री भुंगा असो, खोडमाशी असो, पानं खाणारी अळी असो, उघडीप बघून. वाक्य निर्दोष आहे. फक्त उघडीप बघायची कधी आणि ती दिसल्यावर इतर गोष्टींनी काय करायचं, हे त्यात नसतं. कारण उघडीप दिसते तेव्हा वारा असतो, आणि वाऱ्यात फवारू नये असं त्याच पत्रिकेत खाली लिहिलेलं असतं. वारा पडतो तेव्हा ऊन चढलेलं असतं. ऊन उतरतं तेव्हा गडी घरी गेलेला असतो. गडी, औषध, पाण्याची टाकी आणि वारा हे चारही एका सकाळी जुळून आले, तर पंपाची बॅटरी उतरलेली असते, कारण रात्री वीज नव्हती. आणि हे पाचही जुळले त्या सकाळी गावात कुणीतरी वारलेलं असतं.

बप्पांनी एकदा हे सगळं जुळवून आणलं. सकाळी सहाला पंप पाठीवर घेतला, दोन एकर उरकलं, शेवटच्या ओळीत होते आणि ढग नसलेल्या आभाळातून पाऊस आला. दहा मिनिटं. औषध धुऊन निघालं, बप्पाही धुऊन निघाले. ते तसेच पंपासकट हॉटेलात आले.

"मास्तर, उघडीप म्हणला होताव."

"बप्पा, उघडीप होतीच की. तुम्ही फवारलंत ना."

"किती येळाची उघडीप, ते कुठं लिवलंय?"

मी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. तसं लिहिलेलं नव्हतं. पण कागदावर बघून सांगतो म्हणजे कागदाचीच चूक, असा गावाचा समज नाही. ज्याच्या तोंडून आलं त्याची चूक. पावसाला कुणी शिव्या देत नाही, तो देव आहे. ऑफिस पुण्यात आहे, तिथपर्यंत आवाज जात नाही. हॉटेलात बसलेला सापडतो तो मी.

तरीही जोपर्यंत लोक नुसत्या शिव्या देत होते तोपर्यंत माझं बरं चाललं होतं. सप्टेंबर संपता संपता त्यांनी मागण्या करायला सुरुवात केली. झालं असं, की गुरुवारी रात्री अंधारात बप्पा घरी आले. दार लावून घेतलं. हळू आवाजात म्हणाले, "उद्या काय बी लिवलेलं असू द्या, तुमी कोरडं म्हणून वाचा. माझं सोयाबीन काढून पडलंय. पाऊस हाय म्हणलात तर मजूर येणार न्हाईत."

ते गेले आणि पाच मिनिटांत मजुरांचा मुकादम आला. "मास्तर, उद्या पाऊस सांगा. बप्पा रोज वाढवून देईना. पाऊस म्हणलं की देत्यात."

त्याच्यामागून हडंबावाला. त्याच्याकडे मळणीचं एकच यंत्र आणि यादीत अर्धा तालुका. त्याला आमच्या गावात कोरडं आणि बाकी तालुक्यात पाऊस असा अंदाज पाहिजे होता, म्हणजे यंत्र दुसरीकडे न्यावं लागणार नाही. वीटभट्टीवाल्याला महिनाभर कडक ऊन पाहिजे होतं. ज्यांना हरभरा पेरायचा होता त्यांना एक चांगला पाऊस पाहिजे होता, पण सोमवारनंतर. सरपंचांचा निरोप आला, की शनिवारी आमदार येणार आहेत, ढगाळ ठेवा, सावली पडंल, पण थेंब नको. आणि सगळ्यांत शेवटी ताडपत्र्या विकणारा आला. त्याला वादळी वाऱ्यासह पाऊस पाहिजे होता, आणि तो चक्क कमिशन देतो म्हणाला.

पोस्टाच्या नोकरीत मला कुणी पत्रातला मजकूर बदलून वाचा म्हणून लाच देऊ केली नव्हती. माझी छाती थोडी फुगली हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्रभर मी पाऊस कुणाकुणाला किती द्यावा याचा हिशेब करत पडलो. बप्पांच्या रानात कोरडं, वीटभट्टीवर ऊन, सभामंडपावर ढग आठांतले सात. इंद्रालाही गावागावाच्या शिफारशी येत असतील आणि म्हणूनच तो असा वागत असेल, असं मला पहाटे पटलं.

शुक्रवारी पत्रिकेत होतं: तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता, काढणी केलेलं पीक सुरक्षित ठिकाणी ठेवावं. मी जसंच्या तसं वाचलं. गंमत म्हणजे सगळे खूश झाले. बप्पांनी त्यातलं 'तुरळक' ऐकलं, मुकादमानं 'पाऊस' ऐकलं, सरपंचांनी 'हलक्या' ऐकलं, ताडपत्रीवाल्यानं 'सुरक्षित ठिकाणी' ऐकलं. हे माझ्या आधी लक्षात आलं असतं तर रात्रीची झोप वाचली असती.

झोप पुढच्या रात्रीही लागली नाही, कारण परतीचा पाऊस आला तो थेट आमच्या शिवारावर. सोयाबीनच्या बनिमी, म्हणजे रचलेले ढीग, भिजल्या. बप्पांकडे ताडपत्री एक आणि बनिमी तीन. ते रात्रभर ताडपत्री या बनिमीवरून त्या बनिमीवर ओढत होते, आणि ज्या बनिमीवरून ती काढत तिथंच पाऊस जास्त लागतो अशी त्यांची तक्रार होती. सकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहून सगळ्यांना एकच विचारायचं होतं: मिलिमीटर किती झाला?

वर्षभर ज्या मिलिमीटरला गावानं हिंग लावून विचारलं नव्हतं, त्याला एका रात्रीत अशी किंमत आली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त झाला तर अतिवृष्टी, मग पंचनामा. विम्यासाठी नुकसानीची सूचना तेव्हा ७२ तासांच्या आत द्यावी लागे. पण मोजायचं यंत्र महसूल मंडळाच्या गावी, आमच्यापासून चांगलंच लांब, आणि तिथला आकडा आला ४१. आमच्याकडे नाला रस्त्यावरून वाहत होता आणि मंडळाच्या गावी लोक भुईमूग वाळत घालत होते.

हॉटेलात तातडीची बैठक झाली. एकानं सुचवलं, यंत्र आपल्या गावात आणावं. दुसऱ्यानं सांगितलं, आणलं की पाऊस तिकडं जाईल, त्यापेक्षा असू द्या. तिसऱ्याला पक्की खबर होती, की मागच्या साली दुसऱ्या एका मंडळात कुणीतरी रात्री यंत्रात तांब्याभर पाणी ओतलं आणि तिथं आकडा आला ढगफुटीचा. त्या तांब्याविषयी सगळे बराच वेळ आदरानं बोलत राहिले. मग अचानक बप्पांना आठवलं.

"मास्तर, तुमची बाटली हाय की गच्चीवर!"

अख्खं गाव माझ्या मागोमाग जिना चढलं. कधी नव्हे ते नाना गुडघ्यासह आले, तात्या पंचांग काखेत मारून आले. बाटली काठोकाठ भरली होती. पट्टीच्या वर, ८०च्याही वर. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आकडा वहीत लिहिला, खाली अंगठे आणि सह्या झाल्या, मोबाइलवर फोटो काढले. तेवढ्यात खालून बायकोचा आवाज आला, "अहो, ती बाटली सांडू नका. काल संध्याकाळीच तुळशीसाठी भरून ठेवलीय."

तलाठ्यांनी अर्ज घेतला नाही ते बरंच झालं.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी मी राजीनामा लिहिला. पोस्टातल्या सवयीप्रमाणे तीन प्रती, खाली सही, तारीख. नव्या पत्रिकेनुसार पुढचे पाच दिवस हवामान कोरडं होतं, म्हणून छत्री न घेता हॉटेलकडे निघालो आणि मारुतीच्या देवळापाशी पावसानं गाठलं. तसाच निथळत बाकड्यावर बसलो, आणि शाई पसरलेला कागद नानांच्या हातात दिला. नानांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, मग तात्यांना दिला. तात्यांनी पंचांग उघडून मुहूर्त बघितला.

"आज न्हाई घेता येत," तात्या म्हणाले. "मास्तर, काय लिवलंय ते वाचताच येईना. सगळं भिजलंय."

"मी तोंडी सांगतो."

"तोंडी नको. तोंडी कुणाचा इश्वास बसायलाय तुमच्यावर." नानांनी कागदाची घडी करून माझ्या खिशात परत घातली आणि हॉटेलवाल्याला चहा सांगितला. "नवा लिवून आणा सावकाश. पण एक ध्यानात ठेवा, राजीनामा द्यायचा तर उघडीप बघून द्यावा."